दोरी घेऊन या म्हणावं

ताकसांडे काका नागपूरला मुलीच्या घरी वारले, हे मला आमच्या ले-आउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. पाच मिनिटांत जोडलेल्या हातांची रांग लागली. पेटत्या दिव्यांची चित्रं आली, गळणाऱ्या फुलांची आली. कुणी लिहिलं, ‘मुक्या जिवांचा देवमाणूस हरपला.’ कुणी लिहिलं, ‘आपल्या ले-आउटची शान गेली.’ मी वाचत होते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जात होती. चार वर्षांपूर्वी याच ग्रुपवर, याच लोकांनी, याच माणसाबद्दल काय काय लिहिलं होतं ते माझ्या मोबाइलमध्ये अजून आहे. मी ते पुसलेलं नाही आणि पुसणारही नाही.

मी मुळातच रागीट. उमरखेडला माहेरी मला ‘लवंगी’ म्हणायचे. लग्न होऊन पांढरकवड्याला आले, पंचायत समितीत आवक-जावकच्या टेबलावर बसले, केस पिकले, पण स्वभाव काही निवला नाही. तेव्हा हे लिहिताना माझा तोल सुटला तर सुटू दे. आणि ज्यांच्यावर लिहायचं तो माणूस तरी कुठे शांत होता?

काका आमच्या शेजारच्या प्लॉटवर राहायचे. बायको आधीच गेलेली, मुलगी नागपूरला. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात तीस-बत्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. उंच, हाडकुळे, कानावर केसांचे झुपके, आणि शर्ट मात्र कायम पांढरा, इस्त्रीचा, खिशाला पेन. शेण, रक्त, पू यांत आयुष्य काढलेल्या माणसाचा शर्ट इतका पांढरा कसा, हे मला आजही कळलेलं नाही.

त्यांची माझी ओळख भांडणानेच झाली. माझ्या मुलीची मांजर, गुंडी तिचं नाव, शिवणकामाचा दोरा गिळून बसली होती. तोंडातून वीतभर टोक लोंबत होतं आणि मी अंगणात ते टोक धरून हळूहळू ओढत होते. तेवढ्यात कंपाउंडच्या भिंतीवरून आरोळी आली.

“ओढू नोको! आतडं फाटन त्यायचं!”

मी दचकून हात सोडला. पलीकडचे म्हातारबुवा भिंत ओलांडून आलेसुद्धा. “अक्कल हाय का नाई तुले? दोरा हाय का स्वेटरचा, उसवून राह्यली ते?” असं मला म्हणाले, आणि मग गुंडीसमोर उकिडवे बसून निराळ्याच आवाजात म्हणाले, “मॅडम, तोंड उघडा जरा. अस्सं. दुखलं तर सांगा.” गुंडीने उघडलं. दोऱ्याचा फास जिभेखाली अडकला होता. काकांनी खिशातून छोटी कात्री काढून तो कापला, आणि पुढचे दोन दिवस, उरलेला दोरा खालून पडेपर्यंत, सकाळ-संध्याकाळ येऊन गुंडीचं पोट दाबून पाहिलं. मी म्हटलं, “डॉक्टर, तुमचे फार उपकार झाले.”

“मले डॉक्टर म्हनू नोको. ड्रेसर म्हन. डॉक्टर लिहून देते, ड्रेसर हात लावते.”

ही त्यांची रीतच होती. जनावरांना अहो-जाहो आणि माणसांना अरे-तुरे. कुणाच्या म्हशीला टोचताना “बस झालंच, माफ करा” म्हणायचे आणि त्याच दमात मालकाला “काहून बे, तिसऱ्या दिवशी आला? पहिल्या दिवशी काय लगन होतं?” असं झोडपायचे. मी एकदा विचारलं की हे उलटं कसं. म्हणाले, “मानसाले तोंड हाय, तो उलटून बोलू शकते. ज्याले बोलता येत नाई त्याच्याशी तरी नीट बोलाव.”

स्वतःच्या घरी त्यांनी दोघांना सांभाळलं. नागपूर-हैदराबाद हायवेवर ट्रकखाली मागचा एक पाय गमावलेला पिवळट गावठी कुत्रा होता, त्याचं नाव तहसीलदार. “जाग्यावरून हालत नाईत, पन समद्यायनं उठून सलाम ठोकाव असं वाटते त्यायले. मंग दुसरं काय नाव ठेवू?” एक बोका होता, त्याचं नाव नाजर, कारण कचेरीतल्या नाजरासारखी कुणाच्या घरी काय शिजतंय याची चौकशी करत तो दिवसभर फिरायचा. संध्याकाळी काका पायरीवर बसून हाक मारायचे, “तहसीलदार साहेब, जेवता ना?” रस्त्यावरून जाणारे खरे कारकून आणि तलाठी चमकून बघायचे. त्याची काकांना फार मजा वाटायची.

निवृत्तीनंतर त्यांना छंदांनी झपाटलं. एक धरायचा, तो सोडायचा, दुसरा धरायचा, आणि सोडताना त्याचा निकाल एका वाक्यात लावायचा. आधी पेटी आणली. दोन महिने सा रे ग म झालं. काकांनी सूर धरला की तहसीलदार मान वर करून रडायचा. पेटी शाळेला दिली. “साहेबायले पसंत नाई.” मग काचेच्या पेटीत रंगीत मासे आणले. रोज तासभर खुर्ची टाकून बघायचे. एक दिवस पेटी रिकामी दिसली. “मी चहा पेत पेत कोनाचा तरी तुरुंग पाहून राह्यलो असं वाटे.” मग गुलाबाच्या कलमा झाल्या. मग मोबाइलमध्ये पक्ष्यांचे आवाज भरायचं खूळ आलं. पहाटे ते टिपेश्वरच्या जंगलाच्या बाजूला सायकलने जायचे आणि परतल्यावर मला आवाज ऐकवून “वळख कोन हाय” म्हणायचे. मला कधी कावळ्यापलीकडे ओळखता आलं नाही.

आणि शेवटचा छंद, जो त्यांनी सोडला नाही, तो घराण्याच्या इतिहासाचा.

त्यांचं मूळ गाव फुलसावंगीच्या बाजूचं एक खेडं. फुलसावंगीत त्यांची भागाआत्या होती, नव्वदीच्या घरातली. दोन एसट्या बदलून काका तिच्याकडे जायचे, तिचं बोलणं मोबाइलमध्ये भरून आणायचे, आणि रविवारी माझ्याकडे यायचे. बरोबर जुन्या कॅलेंडरांचे मोठे कागद, मागच्या कोऱ्या बाजूचे. “तुहं अक्षर गोल हाय व शैला. माहं म्हंजे कोंबडी चालल्यावानी. तू लिही, मी सांगतो.” मी लिहायची. आवक-जावक लिहून लिहून माझं अक्षर खरंच बरं झालं होतं.

त्या वंशावळीसारखी वंशावळ मी दुसरी पाहिली नाही. पहिली अट म्हणजे बायकांची नावं पाहिजेत. ‘अमक्याची बायको’ असं एकही ठिकाण चालणार नाही. आत्याला नाव आठवलं नाही तर काका पुन्हा दोन एसट्या बदलून जायचे. दुसरी अट त्याहून विचित्र होती. माणसाच्या नावाखाली जनावराचं नाव लिहायचं. कारण आत्याला तारखा येत नव्हत्या, साल येत नव्हतं. तिला जनावरं आठवायची. “पाटलाची ढवळी व्याली त्या हप्त्यात तुहा बाप झाला.” “बांडी बकरी लांडग्यानं नेली त्या साली माहं लगन लागलं.” मी म्हटलं, “काका, वंशावळीत बकरी कुठे लिहितात का?” तर चिडले. “लिही! त्या बकरीनं माह्या आत्याची तारीख सांभाळली. तुह्या घरच्यायनं पंचांगात लिहून ठेवली असंन. आमच्या घरी पंचांग नव्हतं, बकरी होती.”

मी निमूटपणे बांडी बकरी लिहिली.

आणि एका रविवारी आम्ही त्यांच्या आज्याचं पान लिहिलं. सखाराम आणि रखमा. त्यांच्या नावाखाली बैल, सोन्या. हा बैल सखारामचा नव्हता, मालकाचा होता. सखाराम त्या घरी सालदार होता आणि आठ वर्षं त्यानेच सोन्याला वखराला जुंपलं, धुतलं, चारलं. छप्पन साली सखाराम नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. घरातले देव नदीत सोडले आणि बायकापोरांसमोर सांगितलं, आजपासून मेलेलं ढोर ओढायचं नाही. पिढ्यान्‌पिढ्या गावाने ते काम त्यांच्या गळ्यात बांधलेलं होतं. त्यानंतर थोड्याच दिवसांत सोन्या मेला. मालकाचा निरोप आला, दोरी घेऊन ये. सखाराम गेला नाही. बैल तीन दिवस गोठ्यात पडून राहिला. गावाने विहीर बंद केली, गिरणी बंद केली, दुकान बंद केलं. रखमा नाल्यात झिरा खणून पाणी आणायची. आणि सखाराम तीन दिवस जेवला नाही. बायकोला वाटलं, भ्याला. ती म्हणाली, भेता कायले? तर तो रडत म्हणाला, “भेत नाई व. बैल माहा होता. ते काम माहं नव्हतं.”

आत्याच्या थरथरत्या आवाजात हे आम्ही मोबाइलवर ऐकलं. मी ते जसंच्या तसं लिहिलं, गोल अक्षरात, एकाही खाडाखोडीविना. ‘दोरी घेऊन ये’ हे शब्दही लिहिले. लिहून झाल्यावर काकांनी कागद हातात धरून बराच वेळ पाहिला आणि चहाही न घेता घरी गेले.

आता माझ्या सासऱ्यांविषयी. आप्पा. हेडक्लार्क म्हणून निवृत्त. आमच्याकडे आजेसासऱ्यांपासून सगळे लेखणीवर जगलेले; घरात फावडं होतं ते फक्त सार्वजनिक गणपतीच्या मांडवासाठी. म्हातारपणी आप्पांना गोसेवेची हौस आली. मागच्या मोकळ्या प्लॉटवर पत्र्याचं छप्पर टाकून त्यांनी एक गाय बांधली, चंद्री. हौस आप्पांची, शेणमूत गडी काढायचा, धारा मी काढायची, आणि आप्पा खुर्चीवर बसून उंटावरून शेळ्या हाकायचे. चंद्रीचं बाकी सगळं काकांच्या अंगावर. पहिल्या वेताला वासरू आडवं आलं तेव्हा काका खांद्यापर्यंत हात घालून तीन तास मातीत लोळत होते आणि चंद्रीला सांगत होते, “थोडं अजून बाई, थोडं अजून. तुमीच करू राह्यल्या, मी नुसता हाताशी हाय.” वासरू जिवंत निघालं. आप्पांनी सगळ्या ले-आउटला पेढे वाटले आणि काकांची पाठ थोपटून म्हणाले, “डॉक्टर, तुमच्या हाताला गुण आहे.” काका म्हणाले, “ड्रेसर.”

चार वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात चंद्रीने कुठेतरी प्लास्टिक खाल्लं. पोट टम्म फुगलं. शनिवारी काका दिवसभर तिच्याजवळ होते. दवाखान्यातल्या डॉक्टरांना तेच घेऊन आले, नळी घातली, तेल पाजलं, सगळं झालं. संध्याकाळी मला बाजूला घेऊन म्हणाले, “नाई निघत त्या यातून. आप्पाले सांगू नोको.” रविवारी उजाडता उजाडता चंद्री गेली.

आठ वाजता मागच्या प्लॉटवर दहा-बारा पुरुष जमले. नगरपरिषदेला फोन झाला. रविवार असल्याने ट्रॅक्टर सोमवारी सकाळी येईल असं कळलं. मग सगळ्यांनी कमरेवर हात ठेवून गाईकडे पाहिलं. दोघे-तिघे रोज सकाळी जिममध्ये लोखंड उचलणारे होते. माझा नवराही होता. कुणीतरी म्हणालं, “ताकसांडे आहेत ना. त्यांना बोलवा, त्यांना माहीत असते कसं करायचं ते.” सगळ्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. आप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, “शैला, जा बरं. त्यांना म्हणावं चंद्री गेली. दोरी घेऊन या म्हणावं.”

आणि मी गेले.

हे वाक्य लिहायला मला चार वर्षं लागली. मी पदर खोचून, डोळे पुसत, तुरुतुरु गेले. डोक्यात काही म्हणजे काही आलं नाही. आप्पांचं सोडा, त्यांना काही ठाऊकच नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यायचीही गरज त्यांना कधी वाटली नव्हती. मला तर सगळं ठाऊक होतं. माझ्या हाताने लिहिलेलं होतं.

काका पायरीवर तहसीलदाराची नखं कापत होते. माझा चेहरा बघून समजले. कात्री खाली ठेवली. “गेल्या का?”

मी मान हलवली. ते उठले. डोळे भरले होते. एक चप्पल पायात घातली, दुसरी घालायला पाय पुढे केला, आणि मी बोलले, “आप्पा म्हणतात, दोरी घेऊन या. ट्रॅक्टर उद्या येणार आहे.”

त्यांचा पाय तसाच राहिला. मग त्यांनी घातलेली चप्पलही काढली आणि दोन्ही भिंतीला लावून नीट ठेवल्या. मला अजूनही वाटलं नव्हतं की काही चुकलं. मी विचारलंसुद्धा, “काय झालं काका?”

“कोन म्हनलं दोरी घेऊन ये म्हनून?”

“आप्पा.”

“अन् निरोप घेऊन तू आली.”

तेवढंच. आवाज चढला नाही. आयुष्यभर जगावर ओरडणारा माणूस त्या दिवशी ओरडला नाही आणि तेव्हा कुठे मला कळलं. सखारामचं पान माझ्या डोळ्यांपुढे आलं, त्यातल्या प्रत्येक वेलांटी-उकारासकट. मी म्हटलं, “काका, मी... माझ्या लक्षात...” ते म्हणाले, “जाय घरी.” आणि दार लावून घेतलं.

घरी येऊन मी जे भांडले त्याला तोड नव्हती. मी आप्पांना म्हटलं, गाय तुमची, दूध तुम्ही प्यायलात, पेढे तुम्ही वाटलेत, आता ओढा तुम्ही. आप्पा गोंधळून म्हणाले, “अगं, आपण कसं? आपल्याला कुठे येतं ते?” मी म्हटलं, “येत नाही? तीन लाख साठ हजार चौरस मैलांचा कारभार चालवल्याचा तोरा मिरवता, दोरीला गाठ मारता येत नाही?” हा आकडा मी रागात काय वाटेल तो फेकला. नवरा म्हणाला, “तू उगाच जातीवर नेऊ नकोस. त्यांच्या अनुभवामुळे बोलावलं.” मी त्याला विचारलं, “तुझा मित्र बँकेत आहे. तो मेला की तिजोरी उघडायला त्याच्या मुलाला बोलावशील, बापाचा अनुभव आहे म्हणून? सरळ उत्तर दे.” तो वर्तमानपत्र घेऊन आत गेला.

चंद्रीवर ताडपत्री टाकली. दुपारपासून ग्रुपवर सुरू झालं. ‘एवढा जीव लावायचे म्हणे, आता माणुसकी कुठे गेली?’ ‘शेजारधर्म विसरले.’ ‘जास्तच माज आलाय हल्ली.’ शेवटच्या वाक्याखाली सहा अंगठे होते. त्यांतला एक माझ्या नवऱ्याचा. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे तर गरज सरलीही नव्हती.

पाचच्या सुमाराला काका आले. पांढरा शर्ट, खिशाला पेन, पायात बूट. पुरुषमंडळी पुन्हा गोळा झाली. कुणाकडे न बघता ते चंद्रीच्या तोंडाशी गेले, ताडपत्री दूर केली, उकिडवे बसले. रुमालाने तिच्या डोळ्यांवरच्या माश्या हाकलल्या. कपाळावर हात ठेवून काहीतरी हळू बोलले, ते मला ऐकू आलं नाही. आप्पांना वाटलं, आले एकदाचे. ते छपरातली दोरी घेऊन पुढे झाले आणि भल्या आवाजात म्हणाले, “या डॉक्टर. मला खात्री होती, तुम्ही येणार.”

काका उठून उभे राहिले.

“आप्पासाहेब, काल दिवसभर मी इथं बसलो होतो. काल मी कोन होतो?”

“म्हणजे?”

“डॉक्टर म्हनत होते ना तुमी मले? मी नोको म्हनलं तरी म्हनत होते. त्या जित्या होत्या तवर मी डॉक्टर. त्या मेल्या, अन् एका रातीत मी कोन झालो? सांगा ना. समदे हायेत इथं, एकानं तरी सांगा.”

आप्पा म्हणाले, “तसं नाही हो. तुम्हाला अनुभव आहे म्हणून...”

“मले बत्तीस वर्षं जितं ठेवाचा अनुभव हाय. मेलेलं ओढाचा नाई. तो माह्या आज्याले होता, अन् त्यानं तो सोडला.” मग आप्पांच्या हातातल्या दोरीकडे बघत म्हणाले, “खड्डा खंदाले बोलावलं असतं तर तुमच्या आधी मी फावडं घेऊन आलो असतो. समदे मिळून खंदू म्हनलं असतं तर रडत रडत खंदला असता. तुमी दोरी घेऊन ये म्हनून बोलावलं, अन् तुमी बाजूले उभे राह्यनार होते.”

एवढं बोलून त्यांनी ताडपत्री पुन्हा चंद्रीच्या तोंडावर सारखी केली आणि निघून गेले. सोमवारी दहा वाजता ट्रॅक्टर आला. तोवर वास सुटला होता आणि सगळ्या ले-आउटने नाकाला रुमाल लावून त्याचं खापर काकांवर फोडलं.

मी दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेले. त्यांनी खुर्ची दिली, चहा केला, ऑफिसचं विचारलं, मुलीचा अभ्यास विचारला. मी विषय काढायला तोंड उघडलं की म्हणायचे, “चहा प्याय, थंडा होते.” तीनदा असं झालं. त्यानंतर कॅलेंडरचे कागद माझ्याकडे कधी आले नाहीत. एकदा त्यांच्या टेबलावर मला एक नवं पान दिसलं. कोंबडीच्या पायांच्या त्या अक्षरात त्यांनी स्वतः लिहायला सुरुवात केली होती.

लोकांनीही आपला सूड उगवला. गावाने विहीर बंद केली होती. ले-आउटकडे विहीर नव्हती, मग त्यांनी कुत्रा धरला. ग्रुपवर तहसीलदाराचा फोटो आला, ‘भटक्या कुत्र्यांचा बंदोबस्त करा.’ तीन पायांचा म्हातारा कुत्रा, गेटच्या बाहेर यायला ज्याला पाच मिनिटं लागायची! सह्यांचा अर्ज फिरला. आमच्या घरातून दोन सह्या झाल्या, माझी नाही. चौकशीला माणूस आला तेव्हा काकांनी दर वर्षीच्या लसीचे कागद त्याच्यापुढे ठेवले आणि तो चहा पिऊन गेला. पण संध्याकाळची हाक बंद झाली. तहसीलदाराला ते घरातच जेवू घालायला लागले. गंमत म्हणजे अर्जावर सही करणाऱ्या दोघांची जनावरं आजारी पडली तेव्हा ते मागच्या दाराने काकांकडेच गेले. काकांनी औषध दिलं. मी जाब विचारला तर माझ्यावरच भडकले, “सही काय त्या मांजरीनं केलती?”

दोन वर्षं अशीच गेली. मग एका मार्चमधल्या सकाळी मी छतावर पापड वाळत घालायला गेले आणि खाली काका अंगणात खणताना दिसले. आंब्याखाली, चादरीत गुंडाळलेला तहसीलदार. काकांना तोवर छातीचं दुखणं लागलं होतं. चार फावडी मारली की ते दांड्यावर कपाळ टेकून उभे राहत होते.

मी धावत खाली आले. मांडवाचं फावडं उचललं आणि निघाले. ओट्यावर आप्पा खुर्चीत होते. “कुठे?” म्हणाले. मी सांगितलं. ते म्हणाले, “जा, जा. मदत कर. शेजारधर्म आहे.” मी त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढे गेले.

गेट उघडून आत गेले तर काकांनी हात वर केला. “तिथंच थांब.”

“काका, तुमच्या छातीत दुखतं. मी खणते. माझ्या हाताने खणते.”

“दुखते. मले माहीत हाय दुखते.” त्यांना धाप लागली होती. “तू काहून आली तेबी मले माहीत हाय. तुह्या मनावर वझं हाय. दोन वर्षांपासून पाहून राह्यलो मी. पन पोरी, तुहं वझं उतरवाले नाई गेले ते.”

मी रडायला लागले. ते म्हणाले, “रडू नोको. राग नाई मले तुहा.” मग फावडं उचलत म्हणाले, “हाय. राग हाय. खोटं कायले बोलू? तुहाच जास्त हाय. तूच लिहिलं होतं.” आणि पुन्हा खणायला लागले.

मी गेटात उभी राहिले. गेले नाही. तासभर तरी लागला असेल. खड्डा गुडघाभर झाला, मग मांडीपर्यंत. मग त्यांनी फावडं टाकलं, खाली बसले, चादरीचं ते गाठोडं मांडीवर घेतलं आणि तसेच बसल्या बसल्या खड्ड्याच्या काठापर्यंत सरकत गेले. खाली सोडताना त्यांचा तोल जातोय असं वाटून मी दोन पावलं पुढे झाले. त्यांनी मान वर केली नाही. मी पुन्हा मागे सरकले. माती लोटून, हाताने थोपटून झाल्यावर ते आंब्याच्या बुंध्याला धरून उठले आणि नळावर हात धुवायला गेले. पांढऱ्या शर्टाची पाठ घामाने चिकटली होती. पुढच्याच महिन्यात मुलगी येऊन नाजरसह त्यांना नागपूरला घेऊन गेली. मी ऑफिसात होते. मला ते शेवटचे दिसले ते असे, नळाखाली हात धरून, माझ्याकडे पाठ करून.

मी घरी आले. आप्पा ओट्यावर तिथेच होते. माझं कोरडं फावडं बघून म्हणाले, “झालं? काय म्हणाले?”

“हात लावू दिला नाही.”

“बघ,” आप्पा समाधानाने म्हणाले. “मी म्हणत नव्हतो? आपण कितीही करा, त्या लोकांच्या मनातून काही जात नाही.”

मी फावडं त्यांच्या खुर्चीला टेकवून ठेवलं आणि म्हटलं, “तुळशीपाशी कालपासून चिमणी मरून पडली आहे. उचला.”